धाब्याखालचा इतिहास : खानदेशातील जुने घर दुरुस्त करण्यापूर्वी

पारोळा, अमळनेर, एरंडोल या पट्ट्यात जुने घर विकायला निघाले की सौदा दोन गोष्टींचा होतो. आधी जागेचा, मग लाकडाचा. सागवानी खांब, तुळया, चौकटी यांचा हिशेब वेगळा मांडला जातो. घेणारा येऊन लाकूड टोचून पाहतो, ठोकून त्याचा आवाज ऐकतो. भिंतींचा आणि छपराचा भाव मात्र कोणी विचारत नाही. ती माती असते, आणि ती ट्रॅक्टरमधून गावाबाहेर नेऊन टाकायची तर उलट पदरचे पैसे मोजावे लागतात. आजचा हा धागा त्या मातीविषयी आहे.

इतिहासाचे धागे बहुधा किल्ल्यांवर आणि लढायांवर लिहिले जातात. पारोळा म्हटले की तुमच्याही डोळ्यांसमोर किल्लाच येईल. तेव्हा आरंभ तेथूनच करू; पण किल्ल्यात फार वेळ थांबायचे नाही.

धुळे–जळगाव मार्गावरचा हा भुईकोट हरी सदाशिव दामोदर या जहागीरदारांनी १७२७ साली बांधला, असे परंपरा सांगते. झाशीच्या नेवाळकर घराण्याशी या जहागिरीचे नाते जोडले जाते, त्यामुळे राणी लक्ष्मीबाईंचे नाव येथे आजही आपलेपणाने घेतले जाते. ब्रिटिशकालीन गॅझेटियरांत मात्र आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे आणि मला ती किल्ल्याइतकीच मोलाची वाटते. जहागीरदारांच्या हाती आले तेव्हा पारोळा हे जेमतेम पन्नास घरांचे खेडे होते; त्यांनी त्याचे तटबंदीचे शहर केले, असे म्हणतात.

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. त्याच १७२७ साली सवाई जयसिंगाने जयपूरची पायाभरणी केली, आणि पुण्यात शनिवारवाड्याचा पाया त्यानंतर तीन वर्षांनी, १७३० मध्ये घातला गेला. अठराव्या शतकाच्या त्या दशकात भारतभर नवी शहरे, पेठा, वाडे उभे राहत होते. पन्नास घरांचे शहर झाले, म्हणजे शेकडो नवी घरे बांधली गेली. त्यांच्यासाठी दगड, लाकूड आणि माती आली कोठून?

शनिवारवाड्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे. दगड चिंचवडच्या खाणीतला, चुना जेजुरीचा, सागवान जुन्नरच्या रानातले. पेशव्यांसारख्या सत्ताधीशाच्या वाड्यालासुद्धा बांधकामाचे मुख्य साहित्य दोन-चार दिवसांच्या बैलगाडीच्या वाटेवरचे होते. जड वस्तू लांबून आणणे हे राजालाही परवडत नसे. सामान्य रयतेच्या घराची गोष्ट तर याहूनही सोपी. जोत्याला नदीनाल्यातला काळा दगड, खांबतुळयांना ऐपतीप्रमाणे सातपुड्याचा साग किंवा बांधावरचा कडुनिंब-बाभूळ, आणि बाकी सारे घर गावाच्या पांढरीचे.

‘पांढरी’ हा शब्द इतिहासाच्या विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावा असा आहे. आपल्या जुन्या व्यवहारात जमिनीचे दोन भाग. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. हा भेद नुसता रंगाचा नाही. खानदेशची काळी जमीन कापसाला उत्तम. पण घराला निरुपयोगी. पावसात ती फुगते, उन्हात आक्रसते आणि हाताएवढ्या भेगा पाडते. तिची भिंत उभी केली तर दोन पावसाळ्यांत कोसळेल. पांढरीची माती वेगळी. शेकडो वर्षे एकाच जागी माणसे राहिली, चुलींची राख पडली, शेणाने जमिनी सारवल्या गेल्या, भिंती पडल्या, विरघळल्या आणि त्यांवर पुन्हा भिंती उठल्या. या सगळ्याचा जो थर साचतो तो फिकट, बारीक, चुनखडीचा आणि क्षारयुक्त असतो. तो पाण्याने फारसा फुगत नाही, आणि चोपून बसवला की पाणी सहज आत घेत नाही.

पुरातत्त्वज्ञ ज्यांना वसाहतींची टेकाडे म्हणतात ती म्हणजे हीच पांढरी. गिरणाकाठचे बहाळ आणि तापीकाठचे प्रकाशे ही खानदेशातली दोन गाजलेली स्थळे. १९५० च्या दशकात तेथे उत्खनने झाली आणि ताम्रपाषाण काळापासूनची, म्हणजे साडेतीन हजार वर्षांमागची वस्ती उजेडात आली. ती घरेही माती, कुड आणि गवताचीच होती. म्हणजे गावकरी पिढ्यान्‌पिढ्या पूर्वजांच्या पडलेल्या घरांची माती खणून आपली घरे बांधत आले. यातली खंतही सांगितली पाहिजे : धाब्यासाठी आणि शेतात खत म्हणून पांढरी खणून नेण्याच्या या सवयीने महाराष्ट्रातली कितीतरी टेकाडे अर्धीमुर्धी नाहीशी झाली. घर टिकवणारी परंपराच येथे पुराव्याला मारक ठरली.

आता त्या घरात शिरू.

खानदेशात सपाट मातीच्या छपराला ‘धाबे’ म्हणतात. मराठवाडा आणि सोलापूरकडे त्यालाच माळवद म्हणतात. नियम ‘धाब्यावर बसवणे’ या वाक्प्रचारातले धाबेही हेच असावे. नजरेआड, छपरावर टाकून देणे. आज धाबा म्हटल्यावर आपल्याला महामार्गावरची डाळ आणि शेवभाजी आठवते, हा भाषेचा प्रवास वेगळा.

धाब्याची रचना अशी. दगडी तळखड्यावर लाकडी खांब उभा. खांबांवर तुळई आडवी. दोन तुळयांमधला गाळा तो खण, आणि घराचा आकार सांगायचा तो खणांत, चौरस फुटांत नव्हे. तुळयांवर जवळजवळ कड्या टाकायच्या. कड्यांवर श्रीमंताघरी फळ्या, इतरांकडे काटक्यांचा दाट थर, त्याला किलचण म्हणतात. त्यावर पाला, पऱ्हाट्या किंवा गवत, त्यावर चिखल आणि सर्वांत वर पांढरीची खारी माती चोपून, किंचित उतार देऊन बसवायची. कडेला पन्हळी. खारी माती निवडण्यामागचे एक कारण असे, की क्षारांमुळे तिच्यात गवत कमी रुजते. गवताची मुळे म्हणजे पाण्याला घरात येण्याची वाट.

यातली खरी युक्ती आहे ती खांबांची. भार वाहण्याचे काम लाकडी सांगाड्याकडे. भिंतीने मुख्यतः ऊन, वारा आणि चोर अडवायचे. सांधे कूस आणि खोबणीचे, खिळा शक्यतो नाहीच. त्यामुळे एखादी कडी कुजली तर ती तेवढीच काढून दुसरी घालता येते, आणि पूर्ण घर उकलून त्याचे लाकूड दुसऱ्या घरात वापरता येते. जुन्या वाड्यांच्या खांबांत कधीकधी विनाकारण दिसणारी रिकामी खोबण असते. ती विनाकारण नसते. ते लाकूड त्या आधी दुसऱ्या कोणत्या तरी घरात उभे होते.

जळगावचा मे महिना अनुभवलेल्या माणसाला पुढचे फार समजावून द्यायला नको. पारा पंचेचाळिसाकडे झुकतो. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचायला आठ-दहा तास लागतात. ती आत येते तेव्हा रात्र झालेली असते आणि घरातली माणसे धाब्यावर निजायला गेलेली असतात. दिवसा तेच धाबे बिबडे, कुरडया, पापड आणि मिरच्या वाळवायला. याउलट चार-पाच इंची सिमेंटचा स्लॅब संध्याकाळपर्यंत तापतो आणि रात्रभर खोलीत उष्णता ओततो, मग पंखा ती गरम हवा नुसती फिरवत राहतो. धाब्याच्या घरात चौकातला आड, धान्याचे बळद, भिंतीतले कोनाडे, छतातला झरोका, प्रत्येक गोष्ट विजेशिवाय आपापले काम करीत असे.

येथवर वाचून जुन्या काळाविषयी गहिवर दाटून येत असेल तर जरा थांबा. आता हिशेबाची दुसरी बाजू पाहायची आहे.

धाब्याचे घर एकदा बांधून संपत नाही. दर उन्हाळ्याच्या शेवटी, रोहिणी-मृगाच्या आधी, धाब्यावर चढून भेगा बुजवायच्या, गवत उपटायचे, नवी माती टाकून चोपायची, पन्हळी साफ करायच्या. पावसाळाभर गळती कोठे आहे ते पाहायचे. दिवाळीआधी भिंती लिंपायच्या. जमीन तर दर आठ-पंधरा दिवसांनी सारवायची. आफ्रिकेतील माली देशात जेन्ने येथे मातीची प्रचंड मशीद आहे. आजची इमारत १९०७ सालची, परंतु दरवर्षी सगळे शहर उत्सव करून तिला नव्याने लिंपते. आपल्याकडे तो उत्सव नव्हता. ते काम होते, आणि बहुतांशी बायकांचे होते. शेण कालवणे, पांढरी चाळणे, ओणवे होऊन सारवणे, हे मोबदल्याच्या कोणत्याही वहीत लिहिले गेले नाही. सुतार-लोहारांना बलुते म्हणून वर्षाचे धान्य मिळे. त्र्यंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ हे १९१५ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक वाचले तर या देवघेवीतली ओढाताण दिसते. पर्यावरणपूरक घर म्हणून ज्याचे आज कौतुक होते, ते या श्रमांच्या आधारावर उभे होते. हे श्रम आता कोण करणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हा प्रश्न टाळून केलेले नूतनीकरण पाच वर्षांत गळू लागते.

आणि दुरुस्तीची अर्धवट आठवण ही दुरुस्ती न करण्याहून घातक असते. याचा पुरावा खानदेशात नाही, लातुरात आहे.

दरवर्षी नवी माती टाकायची, हे सर्वांच्या लक्षात राहिले. नवी टाकण्याआधी जुनी खरवडून उतरवायची, हे हळूहळू विसरले गेले. जुना थर उतरवणे कष्टाचे, आणि माती घालणे सोपे. एकेका पिढीत माळवदाची जाडी वाढत गेली. किल्लारी परिसरातल्या घरांवर दोन-दोन फूट मातीचे थर चढले होते. हिशेब करून पाहा. एक घनमीटर माती दीड टनाहून जड. दोन फूट जाडीचा थर म्हणजे चौरस मीटरला जवळपास एक टन. तीन मीटर बाय चार मीटरच्या एका खोलीच्या डोक्यावर बारा टन, म्हणजे दोन-तीन हत्ती. खाली ओबडधोबड दगड मातीत रचून केलेल्या जाड भिंती. बाहेरचा पदर वेगळा, आतला वेगळा, मध्ये दगडचुरा, आणि दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड बहुधा नाहीच.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरली होती, विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. तीव्रता सहाच्या थोडी वर, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या घरात गेला. भिंती फुटून आत-बाहेर कोसळल्या आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली.

परंतु पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. जेथे खणाचा लाकडी सांगाडा भिंतीपासून स्वतंत्र आणि शाबूत होता, तेथे अनेक ठिकाणी भिंती पडूनही छप्पर खांबांवर उभे राहिले. पुढच्या पुनर्वसनात हजारो कुटुंबांना नवी गावे आणि काँक्रीटची घरे मिळाली. त्याचबरोबर जी जुनी घरे उभी होती त्यांच्या बळकटीकरणाचे उपाय आखले गेले. छपरावरची जादा माती उतरवा. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरके टेकू द्या, म्हणजे सांगाडा एका बाजूला कलणार नाही. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे बसवा. भिंतींना सभोवार पट्टा बांधा. यांतला एकही उपाय घर पाडायला सांगत नाही.

हे लातूरचे आहे, आपला काय संबंध, असे खानदेशी वाचकाने म्हणू नये. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता, आणि तापीचे खोरे अभ्यासकांच्या नजरेत नेहमीच राहिले आहे. पारोळ्याच्या एखाद्या गल्लीत धाब्याचे घर दुरुस्त करायला घेणाऱ्याने रंगाची निवड करण्याआधी धाब्यावर चढावे आणि सळई खुपसून मातीची जाडी मोजावी. माझ्या मते सबंध कामातले पहिले पाऊल हेच.

मग ही घरे मोडीत का निघाली? फक्त भूकंपाने नव्हे. खानदेशात तर भूकंप हे कारण नव्हतेच.

पहिला धक्का लाकडाचा. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस थांबला आणि खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास लोहमार्ग भुसावळपर्यंत पोचला. हाती पैसा खेळू लागला, पेठांतून कोरीव सागवानी वाडे उठले. पण लोहमार्गाला स्लीपर हवे होते, आणि १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी जंगल सरकारी झाले. सामान्य माणसाला साग महाग झाला. १८६५ मध्येच मंगळूरला बासेल मिशनने यंत्राच्या कौलांचा कारखाना काढला होता; पुढे कौले आणि पन्हळी पत्रे लोहमार्गाने सर्वदूर गेले. १८७२ साली पांझरेच्या महापुराने धुळ्यात घरांची मोठी हानी केली होती. अशा प्रसंगानंतर पुन्हा मातीचे घर बांधताना माणसाचा हात कचरला तर नवल नाही.

दुसरा धक्का सिमेंटचा. पोरबंदरला १९१४ मध्ये भारतातले सिमेंट-उत्पादन स्थिरपणे सुरू झाले आणि १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी ही कंपनी बनली. हे १९३६ साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामी, माती-बांबूच्या कुटीत राहायला गेले. आणि त्याच डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. अध्यक्ष पंडित नेहरू. अधिवेशनाची ‘टिळकनगर’ ही वसाहत चित्रकार नंदलाल बोस यांच्या देखरेखीखाली बांबू, चटया, लाकूड अशा गावच्याच वस्तूंनी सजली होती. देशाच्या भावी नेतृत्वाने जळगाव जिल्ह्यातल्या एका गावी बांबूच्या मांडवाखाली बसून चर्चा केली. नंतर स्वतंत्र भारत धरणे, कारखाने आणि काँक्रीट यांच्या वाटेने गेला. ती वाट चुकीची होती असे मी म्हणणार नाही, धाब्यातून गळणारे पाणी रात्रभर पातेल्यात झेललेल्या माणसाला स्लॅबचे अप्रूप वाटणारच. पण वस्तुस्थिती म्हणून नोंद असू द्या की आज जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. सिमेंटच्या भट्टीला १,४५० अंशांच्या आसपास तापमान लागते, चुन्याच्या भट्टीला साधारण ९००, आणि पांढरीच्या मातीला फक्त ऊन.

तिसरे कारण कागदोपत्री आहे आणि त्याची चर्चा कमी होते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने शहरोशहरी जुन्या वाड्यांची भाडी गोठली. दहा-वीस रुपये भाडे देणारे भाडेकरू आणि दुरुस्तीला पैसे नसलेला मालक, अशा कोंडीत कितीतरी वाडे सडले. नवा कायदा १९९९ चा. भाडेकरू नसले तर भाऊबंद. चौथ्या पिढीत एका वाड्याला पंधरा-वीस वारस होतात. प्रत्येकाच्या वाट्याला एक-दोन खण. एकाने आपल्या वाट्यातली तुळई बदलायची म्हटले तर ती दुसऱ्याच्या भिंतीत टेकलेली. शेवटी सगळे मिळून एकाच गोष्टीवर सही करतात, ती म्हणजे विक्रीवर.

ज्यांचे घर अजून उभे आहे आणि ज्यांना त्यात राहायचेही आहे, त्यांच्याकडून एक चूक हमखास होते. ती चूक म्हणजे सिमेंटचा गिलावा. भिंत जुनाट दिसते, पोपडे निघतात, म्हणून बाहेरून सिमेंट चढवले जाते. वर्ष-दोन वर्षे घर नवे दिसते. मातीची भिंत जमिनीतला ओलावा ओढून घेते आणि हवेत सोडते, हा तिचा श्वास. सिमेंटच्या कवचाने तो कोंडतो. ओल वर चढत जाते, क्षार गिलाव्याच्या मागे साचतात, आणि एके दिवशी गिलाव्याचा तुकडा मातीला घेऊनच निखळतो. भिंतीत पुरलेले तुळईचे टोक तोवर आतून कुजलेले असते. ते बाहेरून दिसत नाही, आणि वाळवीला अशी ओली, अंधारी, बंद जागाच हवी असते.

मातीला मातीचा लेप किंवा चुना, हा जुना नियम येथे उपयोगी पडतो. लिंपणात भुसा आणि शेण घालायचे ते भेगा रोखण्यासाठी. चुना भिजवून, मुरवून, घाणीत दळून घ्यायचा. त्यात गूळ, हिरडा, बेलफळ घालण्याची पद्धत होती. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो आणि ओलावा जाऊ देतो. असा गिलावा करणारे कारागीर आज विरळ असले, तरी आहेत.

नव्या जगण्याच्या गरजा मात्र नाकारता येणार नाहीत. न्हाणीघर आणि संडास हवाच. पण तो मातीच्या भिंतीला चिकटवून नव्हे, परसात किंवा सुट्या पक्क्या जोत्यावर बांधावा. जुन्या घराचा खरा शत्रू गळकी पाइपलाइन आहे. विजेची जुनी, सैल तारांची जोडणी आधी बदलावी. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत अनेक दिवस जळत राहिला आणि मागे दगडी तट, जोती तेवढी उरली; लाकडी वास्तू किती पटकन जाते याचे त्याहून मोठे उदाहरण नको. धाब्याची जुनी माती पूर्ण उतरवून, कड्या-किलचण तपासून, जलरोधक थर अंथरून त्यावर वीतभराहून जास्त नाही एवढीच नवी माती घालता येते. गारवा बराचसा राहतो, वजन एक-तृतीयांशावर येते. हे काम सुतार आणि संरचना-अभियंता या दोघांना एकत्र उभे करून ठरवावे. एकट्या कंत्राटदारावर सोपवू नये.

असे घर जपून काय साधते, ते पाहायचे असेल तर जुन्या जळगावात जा. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ज्या चौधरी वाड्यात नांदल्या, तेथे आज त्यांचे स्मृतिसंग्रहालय आहे. त्यांच्या वापरातली घरातली आणि शेतातली साधने तेथे आहेत. ज्या बाईने आयुष्यभर दळले, सारवले आणि त्यातच कविता रचली, तिचे शब्द छापील पुस्तकातून कळतात. पण ओवी म्हणताना ती किती उजेडात बसली असेल, हे त्या घरात उभे राहिल्यावरच कळते.

आता पुन्हा पारोळ्याच्या किल्ल्याकडे. १८२१ मध्ये खानदेशचे पोलिटिकल एजंट कॅप्टन ब्रिग्ज यांच्या हत्येच्या प्रयत्नाला येथून चिथावणी मिळाल्याचा ठपका इंग्रजांनी ठेवला. १८५७ नंतर जहागीरदारांची मालमत्ता जप्त झाली आणि किल्ला मोडण्यात आला. आज तट, बुरूज, खंदक आणि काही पडक्या वास्तू शिल्लक आहेत. जहागीरदारांच्या घरांची छपरे गेली. ती सुरुंगाने जायची गरजच नव्हती, कारण धाब्यावर चढून दरवर्षी माती घालणारे माणूस उरले नाही की तीन-चार पावसाळे पुरतात.

ज्यांच्या घरी खरोखरच असे काम निघणार आहे, त्यांना शेवटी इतिहासाच्या बाजूने काही विनंत्या.

पाडण्या-उकलण्याआधी मोजमाप घ्या. किती खण, खणाची रुंदी किती, विटेची लांबी-रुंदी-जाडी किती. फोटो प्रत्येक भिंतीचा काढा, फक्त कोरीव दरवाजाचा नको. माळा, बळद, देवघरामागची पोकळी, तुळईवरची गाठोडी कोणाकडूनही परस्पर साफ करवून घेऊ नका. मोडी कागद नेमके तेथेच सापडतात. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावच्या वाड्यांतून असेच दप्तरे शोधत हिंडले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून तेथेच आहे. पारोळ्याहून धुळे तासाभराच्या वाटेवर आहे. वाचता न येणारे रुमाल तेथल्या जाणकारांना दाखवा. तो भाऊबंदकीचा कज्जा असेल, धान्याचा हिशेब असेल, किंवा तुमच्याच घराच्या बांधकामाचा खर्चही असेल.

आणि मातीविषयी. भिंत उतरवलीच तर तिची पहिली दहा-वीस घमेली चाळणीतून काढा. पांढरीची माती आहे ती; तिच्यात खापराचे तुकडे, काचेच्या बांगड्यांचे बारीक खडे, कधी मातीचा मणी, कधी झिजलेला तांब्याचा पैसा असतो. तो कोणत्या भिंतीतून आणि किती उंचीवर मिळाला, हे चिठ्ठीवर लिहून त्याच्याबरोबर ठेवा.